सायप्रसचं गवत आणि आपलं रेसकोर्स

भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर, पाफोस शहराच्या पूर्वेला कुक्लिया गावाजवळ, ‘अ‍ॅफ्रोडाइटी हिल्स’ नावाचं मोठं गोल्फ रिसॉर्ट आहे. ऑफिसच्या कामाला जोडून दोन दिवस तिथे राहिलो. गोल्फ मला येत नाही, पण बघत बसायला छान वाटतं. खाली निळाशार समुद्र, कडेला ऑलिव्हची झाडं आणि मैदानाच्या मधोमध खोल दरी. खेळणारे बॅटरीच्या गाडीत बसून एका पठारावरून दुसऱ्यावर जातात. जवळच्याच किनाऱ्यावर सौंदर्यदेवता अ‍ॅफ्रोडाइटी समुद्रातून प्रकटली, अशी ग्रीक कथा आहे. थाटाबद्दल तर बोलायलाच नको!

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांना सगळं दाखवलं. समुद्र बघून ते काहीच बोलले नाहीत. म्हणाले, “एवढ्या गवताला पाणी कुठनं आणतात रे?”

चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या घरातला प्रश्न तो! आपल्याकडे मे महिना लागला की पेपरात आधी राकसकोपची पातळी बघतात. बाबांचा मुद्दा खरा होता. आजूबाजूचे डोंगर पिवळे पडलेले आणि मध्येच हिरवागार गालिचा. सायप्रसमध्ये वर्षाला जेमतेम 450-500 मिलिमीटर पाऊस पडतो, उन्हाळा जवळजवळ कोरडाच. 2008 साली तर ग्रीसहून जहाजांनी पिण्याचं पाणी आणायची वेळ आली होती. अशा बेटावर भर उन्हाळ्यात हिरवं गवत म्हणजे पैशाने राखलेली हिरवळ.

बेळगावातही गोल्फचं मैदान आहे, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कॅम्पच्या बाजूला, जाधवनगर-हनुमाननगरला लागून असलेल्या त्या जागेला आपल्यातले बरेच जण अजून रेसकोर्सच म्हणतात. तिथे समुद्र नाही, देवी नाही. पण सायप्रसच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे जून-जुलैत गवत आपोआप वाढतं. गवताबरोबर झुडपंही वाढतात. इतकी, की 2022 च्या ऑगस्टमध्ये तिथे बिबट्या लपून बसला.

आधी तो जाधवनगरात दिसला, एका बांधकाम मजुराला त्याने जखमी केलं. मग या मैदानात शिरला. आसपासच्या 22 शाळा बंद ठेवल्या. पिंजरे लावले, कॅमेरे लावले, ड्रोन फिरवले, मुधोळ कुत्री आणली, शेवटी शिमोग्याच्या सक्रेबैलू कॅम्पातून हत्ती आले. माझी भाची तर रोज सकाळी “सापडला काय?” विचारायची, तिला तो सापडू नये असंच वाटत होतं, कारण शाळेला सुट्टी! महिनाभर शोध चालला. बिबट्या मिळाला नाही तो नाहीच.

तेव्हा बरेच जण म्हणाले, ती झुडपं साफ करून टाका, मैदान नीटनेटकं करा. भीती समजू शकतो. मुलांना शाळेत सोडणाऱ्यांनी ते दिवस कसे काढले ते मी घरातच पाहिलंय. गवत कापा, रस्त्याकडेला दिवे लावा, कुंपण घाला, हे सगळं हवंच. पण चारही बाजूंनी इमारती वाढत असताना मधली झाडी मात्र तशीच राहावी, असं मला वाटतं. नाहीतर ‘सुधारणा’ म्हणत कुणीतरी तिथेही गालिचा अंथरेल आणि मग मे महिन्यात त्याला पाणी घालायला टँकर लावेल.

बाबा अजून त्या बाजूला फिरायला जातात. फक्त हल्ली उजाडल्यावर, आणि हातात काठी घेऊन.