जाळीचा आरसा

नेरूळच्या गच्चीवरून छोट्या दुर्बिणीतून शनीची कडी, गुरूचे चार चंद्र दिसतात. आकाशगंगेचा पट्टा मात्र नाही. शहराचे दिवे दमट हवा उजळवतात, आणि मोठी दुर्बीण लावली तर तो उजेडही तितकाच जास्त गोळा होतो.

*

रेडिओ लहरींना ढगांचं आणि दिवसाउजेडाचं सोयरसुतक नाही. १९६५ साली इथून जवळच, कल्याणला, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ सहाफुटी तबकड्या मांडून सूर्याचा अभ्यास केला.

*

मग नारायणगावजवळचं खोडद. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आरसा स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीचा. २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरीला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी.

*

एवढी मोठी तबकडी एकटी असली तर आपल्या डोळ्याहून अधू. २१ सेंटिमीटरच्या लहरींत तिला चंद्रबिंबाच्या दोन-तृतीयांशाहून बारीक तपशील सुटा दिसत नाही. २५ किलोमीटरवर पसरलेल्या तिसांचे संदेश जुळवले, की नजर चंद्रबिंबाच्या जवळजवळ हजाराव्या भागापर्यंत पोचते.

*

क्ष-किरण आरशावर थेट आदळले तर आत शिरतात. म्हणून २०१५ च्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या एक्स-रे दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेले आरसे एकात एक बसवले आहेत. किरण त्यांना चाटून जातात, किंचित वळतात. हवा क्ष-किरण अडवते, त्यामुळे मुक्काम ६५० किलोमीटर उंचीवर.

*

वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘मेस’ या गॅमा किरण दुर्बिणीचं उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ ला लडाखमधल्या हानलेला झालं. आरसा २१ मीटरचा. गॅमा किरण जमिनीपर्यंत येतच नाही. वर हवेवर आदळून कणांचा वर्षाव करतो. त्यातून काही अब्जांश सेकंद निळसर प्रकाश चमकतो, तो ‘मेस’ टिपते.

*

एकच हवा. साध्या दुर्बिणीला ती अडचण, क्ष-किरणांना भिंत, आणि ‘मेस’च्या बाबतीत यंत्राचाच भाग. दुर्बीण कशी आणि कुठे बांधायची, हे प्रकाशाची जात ठरवते.

*

२८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जरूर जा. तिथे फोन बंद ठेवा. रेडिओ दुर्बिणीच्या दृष्टीने चालू फोन दूरच्या दीर्घिकांपेक्षा कितीतरी प्रखर असतो.