वेळ डेटाबेसवर सोडली तेव्हा

सगळ्या भारताला एकच प्रमाणवेळ, मग यूटीसी या जागतिक वेळेचं लचांड हवं कशाला, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत आलो. टेबल बनवताना वेळेच्या कॉलमला ‘करंट टाइमस्टॅम्प’ हा डिफॉल्ट द्यायचा, पुढचं डेटाबेस बघेल. टाइमझोनची काळजी करणारे सहकारी मला उगाच भित्रे वाटत.

या मताला तडा गेला तो संत्र्यांच्या आवकेमुळे. नागपुरात हंगामात गाड्या पहाटेच लागतात. एका अडत्यासाठी केलेल्या प्रोग्राममध्ये काट्याजवळच्या संगणकावर एसक्यूलाइट होतं आणि सर्व्हरवर मायएसक्यूएल. डिफॉल्ट दोन्हीकडे अक्षरशः तोच. तरी पहाटे 4:10 ला आलेली गाडी काट्यावरच्या यादीत आदल्या रात्री 10:40 ची दिसत होती. तारीखच बदलली होती. आदल्या दिवसाचा भाव लागला असता, तर शेतकऱ्याची पट्टीच चुकली असती. मी संगणकाच्या घड्याळावर संशय घेतला. घड्याळ बरोबर होतं.

मग कुठे मी माहितीपुस्तिका नीट वाचल्या. एसक्यूलाइट या डिफॉल्टने कायम यूटीसी लिहितं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मायएसक्यूएल चालू सेशनचा टाइमझोन धरतं. सर्व्हर भारतीय वेळेवर होता, म्हणून तिथे सगळं ठीक भासलं. पोस्टग्रेस तर ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, ओळ लिहिल्याची नाही. मी ठरवायचं टाळलं होतं आणि त्यालाच साधेपणा म्हणत होतो. दुसऱ्याच्या पैशांच्या नोंदीत असा आळस करण्याचा मला काय अधिकार होता?

आणि जिला मी ‘आपली वेळ’ म्हणत होतो, ती तरी कुठे निसर्गाने दिलेली? प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. नागपूर 79 अंशांच्या जवळ, म्हणजे इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे 14 मिनिटं मागे. ही वेळ 1906 मध्ये लागू झाली, तरी मुंबईने पुढे कित्येक दशकं स्वतःची वेळ चालवली. वेळ आधी ठरवावी लागते, मगच ती सगळ्यांची होते.

आता प्रोग्रामच यूटीसी वेळ लिहून पाठवतो. डेटाबेस कोणताही असो, अर्थ बदलत नाही. पडद्यावर भारतीय वेळ दिसते. बाजाराच्या तारखेला मात्र वेगळा कॉलम आहे. गाडी कधी आली ते यंत्राने नोंदवावं. तिचा माल कोणत्या दिवसाच्या भावात धरायचा, हे बाजारातल्या माणसांनी ठरवायचं असतं, आणि ते मी त्यांना विचारायला हवं होतं.