दुपारची बॅच

"मॅडम, तुमच्यासाठी दुपारची लेडीज बॅच आहेच की. तिथं कुणाचा त्रास नाही." जिमच्या मालकाने हे अगदी आदराने सांगितलं. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. तरी ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आगळीक केली होती वीस-बावीस वर्षांच्या एका मुलाने, आणि वेळ बदलायची होती मी!

आधी थोडं मागचं सांगते. मी दौंडमधल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. पन्नाशी जवळ आली आहे. आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर ती पहिल्यासारखी उठलीच नाही. पाळी थांबल्यावरच्या काही वर्षांत बाईची हाडं झपाट्याने विरळ होतात. चालायला जाता ते चांगलंच आहे, पण तेवढ्याने भागायचं नाही, वजन उचला, असं डॉक्टरांनी मला बजावलं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. हे सगळं पटलं होतं. पण जिमचा जिना चढायचा म्हटलं की पाय मागे यायचे.

त्याला कारण होतं. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात नंबर. रेल्वेचं जंक्शन आहे, जवळच कुरकुंभची एमआयडीसी आहे. त्यामुळे सकाळी सहाला जिम भरते ती पोलीस भरतीच्या पोरापोरींनी, ड्यूटी संपवून आलेल्या रेल्वेवाल्यांनी, कंपनीची बस गाठायच्या आधी तासभर काढणाऱ्यांनी. यातले निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे. कुणाचं ट्रॅक्टरचं कर्ज, कुणाचं घराचं. ज्याला कालच थकलेल्या हप्त्यासाठी फोन केला, तो आज शेजारच्या बेंचवर छातीचा व्यायाम करतोय आणि मी टी-शर्टमध्ये घामाघूम उभी आहे, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

मुलीने धीर द्यायला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. म्हणजे आई, कुणी बघत नसतं गं. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. विद्यापीठातल्या त्या खोलीतून माणूस बाहेर पडतो आणि विषय संपतो. दौंडमध्ये सकाळी सहाला काय झालं ते दहाला काउंटरवर पोचतं. इथं लोक बघतात. कुणी बघत नाही असं स्वतःला समजावत बसण्यापेक्षा, बघत असताना उभं राहायचं कसं, ते शिकायला हवं होतं.

पहिल्या दिवशी ट्रेनरने हातात एक-एक किलोचे डंबेल दिले आणि ट्रेडमिल दाखवली. "काकू, वजन कमी करायचंय ना?" मी म्हटलं, वाढवायचंय, उचलायचं वजन. त्याला ते कळलं नाही. घरी स्वयंपाकाच्या गॅसची भरलेली टाकी मी वर्षानुवर्षं हलवत आले आहे. आत 14.2 किलो गॅस आणि साधारण तेवढंच वजन टाकीचं, म्हणजे तीस किलोच्या आसपास. पाण्याचे हंडे वेगळे, दळणाचे डबे वेगळे. आणि इथं माझी सुरुवात एक किलोपासून! खरी गोम नंतर समजली. घरात मी ते ओझं पाठ वाकवून उचलत होते, म्हणून दर महिन्याला कंबर धरायची. कमरेतून झुकायचं, पाठ सरळ ठेवायची, पायांनी जमीन ढकलायची, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने. तिला 800 मीटर धावायचं होतं, चार किलोचा गोळा फेकायचा होता, वेळ मोजून मिळत होता. तरी स्वतःच्या दोन सेटमध्ये ती माझ्याकडे यायची. "काकू, गुडघे आत येतायत. बाहेर ढकला."

आता त्या दिवसाचं. मी मोकळा बार खांद्यांवर घेऊन स्क्वॉट करत होते. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बायकांचा बार 15 किलोचा असतो, पुरुषांचा 20 चा. आमच्याकडे फक्त 20 चाच. खाली गेले आणि वर येता येईना. ट्रेनरने मागून बार धरला, तोल गेला, मी जमिनीवर बसले. नवीन माणसाचं असं होतंच. उठले, पाणी प्यायले, पुन्हा केलं. पुन्हा केलं, हे महत्त्वाचं आहे, कारण ते कुणाच्या मोबाईलमध्ये नाही. आरशासमोर स्वतःचं शूटिंग करणाऱ्या मुलाने मोबाईल माझ्याकडे वळवला होता. पडण्याचा तेवढाच तुकडा कापून, खाली गाणं लावून त्याने तो स्टेटसला ठेवला.

मला कळलं साडेअकराला. सहकारी बाईंनी त्यांचा फोन पुढे केला. "बघा, तुम्हीच आहात ना?" त्यानंतर दिवसभर काउंटरवर येणारा प्रत्येक माणूस हसतोय असं वाटत होतं, आणि काही जण खरंच हसत होते. एक सभासद पासबुक भरून घेताना म्हणाले, "मॅडम, या वयात कशाला?" संध्याकाळी घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "जाऊ दे, आपल्याला इथंच राहायचंय." प्रेमानेच म्हणाला. मग आणखी एक जण भेटला. त्याने आवाज खाली करून सुचवलं, "त्या पोराच्या बापाची फाईल तुमच्याकडंच आहे ना?" याचा मला सगळ्यात जास्त राग आला. माझ्या अपमानाची भरपाई मी दुसऱ्याच्या कर्जातून करायची? ती फाईल नियमाप्रमाणे जायची तशीच गेली.

स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातं. त्याने काढलं नाही, ते गेलं. दुसऱ्या दिवशी मी मालकाकडे गेले. मागणी साधी होती. त्या मुलाला समोर बोलवा, दुसऱ्याचं शूटिंग करायचं नाही असा नियम भिंतीवर लावा. मालक म्हणाले, "पोरं आहेत, मनावर घेऊ नका." आणि मग ते दुपारच्या बॅचचं वाक्य. दुपारी बारा ते चार. पत्र्याखालचा हॉल, एप्रिल महिना, आणि माझी नोकरी दहा ते साडेपाच. म्हणजे तिकडे जा याचा अर्थ येऊ नका, एवढाच होता. त्रास देणाऱ्याची वेळ तीच राहते आणि जिला त्रास झाला तिला बाजूला ठेवून सुरक्षित केलं जातं. बसमध्ये, ऑफिसात, घरात हेच चालतं. मी त्यांना सांगितलं, मी सकाळीच येणार. तेवढ्यात ती भरतीची मुलगी मागून म्हणाली, "काका, मग आम्ही पण दुपारी यायचं का?" भरतीच्या तीन-चार मुली तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मालक काही बोलले नाहीत. आठवड्याने भिंतीवर कागद लागला, 'शूटिंग करताना इतरांची काळजी घ्यावी'. मनाई नाही, काळजी! मुलगा येत राहिला. माझ्याशी आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही.

आपल्याकडे तालमीत बाईने पाऊल ठेवायचं नाही, हे कित्येक पिढ्या चाललं. महाराष्ट्र केसरीची सुरुवात 1961 ची. पहिली महिला महाराष्ट्र केसरी व्हायला 2023 उजाडलं. सांगलीत प्रतीक्षा बागडीने ती गदा घेतली. एवढ्या मोठ्या गोष्टीशी माझ्या मोकळ्या बारची तुलना करत नाही. पण लाल मातीतून बाईला बाहेर ठेवणारे आणि मला दुपारी ढकलणारे एकाच समजुतीने बोलतात. ही जागा मुळात पुरुषांची, बायकांची आपण सोय करून देतो, ही ती समजूत.

असं ठासून म्हणते आहे आणि आता जे सांगणार ते याच्या उलट आहे. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी जमलं नाही म्हणून मी दुपारी गेले. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधलेल्या, केसांना फडकं गुंडाळलेल्या बायका होत्या. एक जण पिशवी काढल्यानंतरच्या दुखण्याबद्दल मोठ्याने बोलत होती, दुसरी सुनेबद्दल. कुणी कुणाच्या पोटाकडे बघत नव्हतं. त्या दिवशी मी सकाळच्यापेक्षा जास्त वजन उचललं. मला तिथं मोकळं वाटलं, फार मोकळं वाटलं. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला, कारण मालकाच्याच बाजूचं हे उत्तर मला द्यायचं नव्हतं. पण खोटं कसं बोलू? बायकांची वेगळी वेळ हवी. ती शिक्षा म्हणून नको, आणि नोकरी करणाऱ्या बाईला येताच येणार नाही अशा वेळी नको.

जिमला यायला घाबरणाऱ्या बायका काउंटरवरच हळूच विचारतात. मी त्यांना सांगते, लाज गेल्यावर जाईन असं ठरवू नका, ती जात नाही. माझी गेलेली नाही. अजूनही बारखाली गेले की आरशात मागे कुणाचा मोबाईल आहे का ते आधी बघते. पण गुडघे आता आत येत नाहीत. फी भरण्याआधी शूटिंगचा नियम लेखी मागा. एक किलोचे डंबेल दिले तर नम्रपणे परत करा आणि बार धरायला शिकवा म्हणून सांगा. सोबतीला एखादी भरतीची मुलगी असेल तर तिच्याकडूनच शिका. त्या पोरींना नीट येतं, आणि त्या हसत नाहीत.

आम्ही काही जणींनी मिळून मालकांना लेखी दिलं आहे, आठवड्यातून दोन दिवस सकाळी सहा ते सात बायकांसाठी ठेवा. ते म्हणतात, त्या वेळेची फी मुलांकडून येते, परवडणार नाही. मोजून दाखवा, असं आम्ही म्हटलं आहे. हिशेब हे माझं रोजचं काम आहे. माझी वर्षाची फी पुढच्या महिन्यात संपते. त्यांच्या उत्तराआधी ती मी भरणार नाही.