शेतावरच्या मुक्कामाची टिपणं

खोल्यांचे फोटो सगळ्यात शेवटी बघावेत. आधी फोन करून विचारावं, "आम्ही येऊ त्या आठवड्यात शेतात काय चालू असेल?" ज्याची खरोखर शेती आहे तो लगेच बोलू लागतो: कांद्याची लागण चाललीय, गहू ओंबीवर आलाय, ऊस तुटायचाय. ज्याच्याकडे नुसती हिरवळ आणि झोपाळे आहेत तो पोहण्याच्या तलावाकडे आणि डीजेकडे वळतो. तलावाला माझा विरोध नाही, एप्रिलमध्ये मुलं त्यातून बाहेर निघत नाहीत. पण त्यासाठी गाव गाठायची गरज नाही.

*

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाला आकार आला तो २००५च्या सुमारास, बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी केंद्र उभं केलं तेव्हापासून. मागचा विचार साधा आणि मोलाचा: मालाचा भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो, पाहुणचाराचा असतो. २०२०मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं आणि केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होऊ लागली. नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. चांगला यजमान ते आपणहून सांगतो.

*

हुरडा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, तोही एका शेतात काहीच दिवस. दाणा दुधातून पिठात जायला लागतो तेवढ्याच वेळात तो हुरडा असतो, पुढे नुसती ज्वारी. म्हणून जाणते शेतकरी एकाच वेळी सगळं रान पेरत नाहीत, टप्प्याटप्प्याने पेरतात. वाण विचारावा: गुळभेंडी, सुरती, की राहुरी विद्यापीठाचा फुले उत्तरा. उत्तर अडखळत आलं तर कणसं बाहेरून आणली जाणार असं समजावं. मार्च उलटल्यावर हुरड्याची जाहिरात दिसली, तर दाणे बहुधा फ्रीजरमधले.

सकाळी लवकर पोचावं. आगटीत गोवऱ्यांचे निखारे, त्यात खोचलेली कणसं, आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे सुटे करणारी घरची माणसं. मुलांना चोळायला बसवावं. हात पोळतात, पण ताटात वाढलेला हुरडा आणि स्वतः चोळलेला हुरडा यांच्या चवीत फरक पडतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, शेव-रेवडी. दुपारचं जेवण उशिरा ठेवायला सांगावं, नाहीतर केलेला स्वयंपाक वाया जातो.

*

कोल्हापूरकडे हिवाळ्यात जायचं तर मुक्काम गुऱ्हाळाजवळचा बघावा. तासाभराची धावती भेट तिथे कामाची नाही, अर्धा दिवस मोकळा हवा. रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाडं घातली जातात. रानभेंडीचा बुळबुळीत रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. रस आटत जातो, रंग बदलतो. काकवी हवी असेल तर ती मधल्या टप्प्यावरच काढून घेतात. पुढचा निर्णय गुळव्याचा. तो पाण्यात थेंब टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर उतरवला तर ढेप बसत नाही. हे सगळं डोळ्यांच्या आणि बोटांच्या हिशेबावर चालतं. गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत, तेव्हा मुलांना हा माणूस कामावर असताना दाखवणं मला कुठल्याही साहसी खेळापेक्षा मोलाचं वाटतं.

लहानांचा हात मात्र सोडू नये. उकळता रस पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो चिकटून राहतो.

*

खोली निवडताना घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाचा विचार आधी. आजीचे गुडघे दुखत असतील तर विचारायचं ते एवढं: कमोड आहे का, न्हाणीघर खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून, पायऱ्या किती, रात्री वीज गेली तर इन्व्हर्टरवर निदान एक दिवा आणि पंखा चालतो का. कौलारू, मातीच्या भिंतींचं घर दुपारी थंड राहतं. पत्र्याची खोली फोटोत छान दिसते आणि मे महिन्यात तापते. सगळं कुटुंब एका मोठ्या खोलीत झोपेल की दोन खोल्या घ्यायच्या? मुलांना एकत्र झोपण्यातच मजा असते, पण घोरणारे आजोबा आणि तान्हं बाळ एकाच खोलीत नकोत. मग सगळ्यांचीच रात्र जागरणात जाते.

*

शेततळं. याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्याचे काठ उतरते आणि गुळगुळीत असतात. पाय घसरला तर पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही, कारण धरायला काहीच नसतं. तळ्याभोवती कुंपण आहे का, काठाला दोर किंवा टायर सोडलेले आहेत का, विहिरीला कठडा आहे का, हे सामान उतरवायच्या आधी स्वतः चालत जाऊन बघावं. कुंपण नसेल तर यजमानाला तिथेच, सगळ्यांसमोर, स्पष्ट सांगावं.

*

जमिनीवर गाद्या असतील तर मच्छरदाणी मागावी आणि तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. डासांइतकीच ती मण्यार सापासाठी. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश कित्येकदा कळतही नाही. सकाळी बूट झटकून घालावेत. कोकणात लाल विंचवाचं भय खरं होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर कितीतरी जीव वाचले. सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालते, पण ती मिळेल तिथे वेळेत पोचायला हवं. जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब, हे पहिल्याच फोनवर विचारून ठेवावं. रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

*

वेळास, तालुका मंडणगड. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांना संरक्षण दिलं आणि गावाने पाहुण्यांसाठी घरं उघडली. राहणं साधं, जेवण घरचं. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात, त्यामुळे तारीख कुणीच छातीठोकपणे देऊ शकत नाही. मुलांना निघतानाच सांगून ठेवावं: कासव दिसेल किंवा दिसणार नाही. दोन रात्री राहिलं तर सकाळ-संध्याकाळ मिळून जास्त वेळा किनाऱ्यावर जाता येतं. एका रात्रीसाठी एवढा घाट उतरून जाणं मला पटत नाही.

*

किनाऱ्यावर मुक्काम असेल तर भरतीचं जुनं गणित वहीत हवंच. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा मुलांना पाण्यात उतरवू नये. आणि गणित कितीही पाठ असलं तरी गावातल्या कोळ्याचा शब्द शेवटचा.

*

काजवे: भंडारदरा, पुरुषवाडी, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. शनिवार-रविवार टाळावा. गाड्यांचे दिवे, बॅटऱ्या आणि फ्लॅश यांनी काजव्यांचं जोडीदार शोधणंच बिघडतं. गावातल्याच वाटाड्याबरोबर, अंधारात, गप्प चालणारी मंडळी असतील तरच जावं.

*

जेवणारी माणसं किती, हे आदल्या दिवशी नक्की सांगावं. चुलीवरच्या भाकऱ्या थापणाऱ्या वहिनी पहाटेपासून उभ्या असतात. "आणखी चौघं आलोत" हा निरोप त्यांच्याच पाठीवर पडतो. दरात घासाघीस करणाऱ्यांनी एकदा त्या चुलीपुढे तासभर बसून बघावं. निघताना पैसे आणि आभार, दोन्ही त्यांच्या हातात द्यावेत.

*

दिवसभराचा कार्यक्रम ठासून भरू नये. सकाळी गोठा आणि धार काढणं, दुपारी आंब्याखाली लोळणं, उन्हं उतरल्यावर विटीदांडू किंवा सूरपारंब्या. एवढं पुरतं. बैलगाडीची फेरी सकाळी किंवा संध्याकाळीच मागावी. भर दुपारी दहा जणांनी गाडीत चढू नये, यजमान नाही म्हणू शकला नाही तरी.

पोळ्याला जाणार असाल तर आदल्या दिवशी पोचावं, म्हणजे मुलांना खांदेमळणी बघता येईल: जू वागवून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी बैलांना विश्रांती, तेव्हा गाडीची फेरी मागूच नये. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच गावांत श्रावणी अमावास्येऐवजी आषाढात बेंदूर करतात, म्हणून तारीख कॅलेंडरवरून ठरवण्याऐवजी यजमानांना विचारून ठरवावी.