पैसे मोजून लीद उचलायला!

‘‘पैसे मोजून हत्तीची लीद उचलायला थायलंडला? आधी बोलली असतीस तर मामाच्या गोठ्यात फुकट सोय केली असती!’’ आईची ही पहिली प्रतिक्रिया. मैत्रिणींना वेगळाच धक्का बसला. थायलंडला जायचं आणि शॉपिंग नाही?

तर मंडळी, पुढच्या महिन्यात मी चियांग माईला चाललेय. शहरापासून साधारण ६० किलोमीटरवर, मे ताएंगच्या खोऱ्यात ‘एलिफंट नेचर पार्क’ आहे. सेंगदुआन चैलर्ट या बाईंनी उभं केलेलं. त्यांना सगळे ‘लेक’ म्हणतात. थाईत लेक म्हणजे छोटी. आपल्याला मात्र मुलगीच ऐकू येते.

हा उद्योग मला का सुचला? कारण एक फोटो. नोकरीत असताना ऑफिसच्या ट्रिपमध्ये थायलंडलाच मी हत्तीवर बसले होते. गॉगल, हसरा चेहरा, फुल टू धमाल! नंतर एका फीचरसाठी वाचायला बसले आणि ‘फाजान’ हा शब्द भेटला. पिल्लाला आईपासून तोडायचं, अरुंद खोड्यात डांबायचं, ते हार मानेपर्यंत मारायचं. अशा ‘ट्रेनिंग’नंतर ते पाठीवर माणसं घेतं. १९८९ मध्ये थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली. ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले आणि पोटासाठी टुरिस्टांकडे वळले. त्या रांगेत तिकीट काढून मीही उभी होते.

आता तयारी. पाटीवर ‘सँक्च्युअरी’ लिहिलंय म्हणून भुलू नका. सवारी आहे का? हत्ती खेळ करून दाखवतात का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर तिथे जाऊ नका.

मग डॉक्टर. धनुर्वात, हिपॅटायटिस ए आणि रेबीज, कारण पार्कमध्ये शेकडो कुत्रीही आहेत. रेबीजचे डोस एका दिवसात होत नाहीत, तेव्हा महिनाभर आधी जा. जुना खोकला असेल तर तोही तपासून घ्या. क्षय माणसाकडून हत्तीला होऊ शकतो, हे ऐकून मी गारच पडले. मदतीला जाऊन आजार देऊन यायचं?

बॅगेत गमबूट, मळले तरी चालतील असे कपडे, रेनकोट. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. म्हणजे कापायचं, धुवायचं, वाहायचं आणि शेवटी लीद! रोज संध्याकाळी मी सोसायटीचे चार मजले पाण्याचे कॅन घेऊन चढतेय. वॉचमनकाका जाम हसतात.

ऑक्टोबर २०२४ च्या पुरात या पार्कमधल्या दोन हत्तिणी दगावल्या. आठवडाभराच्या माझ्या मदतीने फार काही बदलणार नाही, हे मला कळतं. पण निदान यावेळी माझे पैसे त्यांच्या चाऱ्याला जातील.

तो जुना फोटो मी डिलीट केलेला नाही. त्याच्या शेजारी लावायला आणखी एकच हवाय. त्यात हत्तीण लांबवर चरत असेल, आणि मी फोटोत नसेन.