मोबाईल मुलांच्या हाती, शिकवणी मोठ्यांना हवी

आपल्या वस्तीत आज मोबाईल नसलेले घर शोधावे लागेल. एका खोलीत पाच माणसे आणि त्यांच्यात एक मोबाईल. दिवसा तो वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी घरी आला की थोरल्याचा अभ्यास, धाकटीची गाणी, आईचे गावाकडचे बोलणे, सारे त्याच एका यंत्रावर. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आले, तेव्हा कित्येकांनी उसनवारी करून, बचत गटाचे कर्ज काढून तो घेतला. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाईल मुलांच्या हातात राहिला तो राहिलाच.

‘असर’ ही खेड्यांतील शिक्षणाची देशभर होणारी पाहणी. तिचा 2024 चा अहवाल सांगतो, की 14 ते 16 वयाच्या शंभरातील 82 मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यातील समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी 62 टक्क्यांना नकोशा माणसाला ‘ब्लॉक’ करणे किंवा त्याची तक्रार करणे ठाऊक आहे. आपले खाते परक्या नजरेपासून खासगी कसे ठेवावे, हे मात्र 55 टक्क्यांनाच माहीत आहे. म्हणजे जवळजवळ निम्मी मुले घराचे दार सताड उघडे टाकून झोपतात म्हणा ना!

आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरातील आठ जणी. कोणी घरकाम करते, कोणी पॅकिंगच्या कामाला जाते, एक अंगणवाडीत आहे. आमच्यात दहावीच्या पुढे शिकलेल्या दोघीच. तरीही या विषयात आम्हाला पडावे लागले. का, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी वस्तीतील एका मुलीच्या चेहऱ्याचा फोटो कोणीतरी तिच्या खात्यावरून उचलला, भलत्याच चित्रावर चिकटवला आणि तिलाच पाठवला. ‘पैसे दे, नाहीतर वर्गाच्या ग्रुपवर टाकतो’ अशी धमकी. मुलगी नववीत. तीन आठवडे ती कोणाशी बोलली नाही. जेवण सुटले, अभ्यास सुटला. आईच्या डब्यातले पैसे कमी होऊ लागले तेव्हा गोष्ट बाहेर आली. तिचे नाव, शाळा, गल्ली आम्ही सांगणार नाही. कायदाही तेच सांगतो.

पण आम्हाला हादरवले ते त्यानंतरच्या गोष्टीने. त्या रात्री घरात ठरले ते एवढेच : मोबाईल बंद, शाळा बंद, मामाच्या गावाला पाठवा, स्थळ बघा. गुन्हा करणारा कोण, कुठला, याचा पत्ता नाही आणि शिक्षा मात्र मुलीला! आमच्या आयांनी भांडी घासून आम्हाला शाळेत घातले. आमच्या मुलींची शाळा एका अनोळखी बदमाषाने बंद करावी काय?

आम्ही तिच्या आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार नोंदवली. ते खाते बंद झाले. धमकी देणारा अजून सापडलेला नाही, तेव्हा पूर्ण न्याय झाला असे म्हणवत नाही. पण मुलगी शाळेत राहिली आणि दहावीची परीक्षा देऊन पास झाली. हे थोडे नव्हे.

नंतर आम्ही तिला विचारले, “बाळा, इतके दिवस बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “काकू, सांगितलं असतं तर शाळा सुटली असती.” तिला धमकीवाल्यापेक्षा आपल्या माणसांची भीती जास्त वाटत होती. हे उत्तर प्रत्येक आईबापाने मनावर कोरून ठेवावे. मुलांना इंटरनेटवर सुरक्षित ठेवायचे तर पहिली शिकवणी मोठ्यांना हवी, हे आम्हाला तिथे उमगले.

शाळेत या विषयावर एक व्याख्यान झाले होते. साहेब आले, पडद्यावर चित्रे दाखवली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. व्याख्यान चांगलेच होते. पण उद्या एखाद्या मुलाला धमकी आली तर ते त्या साहेबांना शोधत जाणार आहे का? ते जाईल आपल्या बाईंकडे, सरांकडे, पाण्याच्या टाकीजवळच्या मावशीकडे, शिकवणीच्या ताईकडे, नाहीतर व्हॅनवाल्या काकांकडे. यांपैकी एकालाही पुढे काय करायचे ते ठाऊक नसेल तर व्याख्यान हवेत विरले म्हणायचे.

म्हणून आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, पालिकेच्या व अनुदानित शाळांत ही समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे ती आपलीच समिती आहे. सुरुवातीला ‘शाळेत मोबाईलबंदी आहे, मग हे कशाला?’ असे उत्तर मिळाले. आम्ही म्हटले, बंदी शाळेच्या फाटकापर्यंत. पुढचे अठरा तास मूल कुठे असते? शेवटी चार रविवार मिळाले. शिक्षक आले, कारकून आले, शिपाई मावशी आल्या, व्हॅनवाले आले, पालक आले. सायबर गुन्ह्यांची माहिती असलेल्या एका वकीलबाई विनामोबदला शिकवायला आल्या.

पहिल्या रविवारी त्यांनी एकच प्रश्न टाकला : “मूल येऊन म्हणालं, माझा घाणेरडा फोटो कोणाकडे तरी आहे, तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल?” एक गृहस्थ म्हणाले, “आधी कानाखाली!” सारे हसले. बहुतेकांचे उत्तर होते, “तू कशाला गेलीस त्या भानगडीत?” बाईंनी फळ्यावर तीन वाक्ये लिहिली : सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझा दोष नाही. आता आपण मिळून बघू. ही वाक्ये जोडीजोडीने एकमेकांना म्हणायला लावली. साधी वाटतात, पण म्हणताना कित्येकांची जीभ अडखळली. आमच्या लहानपणी आम्हाला ती कोणी म्हटलीच नव्हती!

पुढची कामे सोपी, पण क्रमाने करायची. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. धमकीचे संदेश, नंबर, खात्याचे नाव पुसू नये. तो पुरावा आहे. मुलाचे अश्लील चित्र मात्र कोणालाही, अगदी मदतीच्या हेतूनेही, पुढे पाठवू नये. तसे पाठवणे हाच गुन्हा आहे. मुलांचे असे चित्र मोबाईलमध्ये बाळगण्याबद्दलही 2024 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कडक निकाल दिला आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल, मुलगा असो की मुलगी, संरक्षित आहे. असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हाच. ‘शाळेची बदनामी होईल’ ही सबब कायद्याला चालत नाही.

मुलांच्या मदतीसाठी 1098 हा फुकट नंबर आहे. 1996 साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून तो सुरू झाला. मूल स्वतःही तो फिरवू शकते. पैसे फसवून काढले गेले असतील तर 1930 वर ताबडतोब फोन करावा. चोराने रक्कम उचलण्याआधी बँकेत ती अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे मिनिटामिनिटाला मोल आहे. चित्र पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवा आहे. तिच्यात चित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही. मोबाईलच त्या चित्राचा जणू अंगठ्याचा ठसा काढतो. त्या ठशावरून सेवेत सहभागी कंपन्या आपल्याकडील ते चित्र हुडकून काढून टाकू शकतात.

उरलेल्या रविवारी मुलांना काय शिकवायचे ते ठरले. लहानांना एवढेच : पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला की समजावे, पैसे जाणार. आईबाबांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही वाचून दाखवू नये. खेळात भेटलेला ‘दादा’ घरचा पत्ता, शाळेचे नाव, फोटो विचारू लागला की मोठ्यांना सांगावे. मोठ्या मुलांनी प्रत्यक्ष मोबाईल हातात घेऊन खाते खासगी केले, पासवर्ड बदलले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, हेही सांगितले. कारण आमिष दाखवणारे अजून भेटतातच.

मुलग्यांबद्दल वेगळे सांगावेसे वाटते. आपण मुलींना जपायला सांगतो आणि मुलग्यांना मोकळे सोडतो. अशा धमक्या त्यांनाही येतात, आणि ‘मर्द असून रडतोस?’ या भीतीने ते गप्प राहतात. दुसरीकडे वर्गातल्या मुलीचा फोटो गंमत म्हणून पुढे ढकलणारा हातही त्यांच्यातल्याच एखाद्याचा असतो. एका बैठकीत सातवीतल्या मुलाने विचारले, “ग्रुपवर माझी जात काढतात, ते पण सांगायचं का?” क्षणभर सारे गप्प झाले. हो बाळा, ते तर आधी सांगायचे! अपमान पडद्यावर झाला म्हणून तो छोटा होत नाही.

चार रविवारांनी सगळे सुधारले असे नाही. काही पालक फिरकलेच नाहीत. ज्याचा रोज रविवारीही बुडतो त्याला दोष कसा द्यावा? त्यांच्यासाठी आम्ही रात्री नळावर, जिन्यात बसून बोलतो. पण त्यानंतर तीन मुले आपणहून मोठ्यांकडे आली. त्यांतली एक पहिल्यांदा गेली ती शिपाई मावशीकडे. मावशींनी ती तीन वाक्ये म्हटली, मग बाईंना गाठले. मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात हजर होती.

वाचक मायबहिणींनो, बांधवांनो, पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा हा विषय काढा. महाराष्ट्रातील शाळांत 2022 च्या शासन निर्णयाने ‘सखी सावित्री’ समिती नेमावयाची आहे. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे, ते विचारा. 1098 आणि 1930 हे दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून घराच्या दारामागे लावा. आणि आज रात्री जेवताना मुलांना एवढे सांगा, की काहीही झाले तरी आम्हाला सांग, तुझी शाळा बंद होणार नाही. मग तो शब्द पाळा.