आमेन म्हणणारे नऊ जण

सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू असताना गप्पा मारू नयेत, हा नियम निव्वळ शिष्टाचारात बसवला की त्याचं मर्म हरवतं. रोजच्या अमिदा या उभ्यानं म्हणायच्या मुख्य प्रार्थनेच्या वेळी प्रत्येकजण पाय जुळवून उभा राहतो, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं १९ आशीर्वचनं म्हणतो आणि तीन पावलं मागे सरतो. मग हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, तीच प्रार्थना पहिल्यापासून मोठ्यानं म्हणतो. कुजबुज वाढते ती इथेच, कारण ज्याला प्रार्थना येते त्याचं म्हणून झालेलं असतं. पण ही पुनरावृत्ती ठेवली गेली ती ज्याला येत नाही त्याच्यासाठी. तो ऐकतो, आमेन म्हणतो आणि त्याचीही प्रार्थना होते. रब्बी योसेफ कारोंनी सोळाव्या शतकात 'शुल्हान आरुख' या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथामध्ये लिहून ठेवलं, की नऊ जण लक्ष देत नसतील तर हजानची आशीर्वचनं जवळजवळ वाया जातात. म्हणजे बोलणारा दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेतो. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये हा गोंगाट इतका वाढला, की तिथल्या मैमोनिडीझ या धर्मपंडितानं ती पुनरावृत्तीच बंद केली. गप्पांपायी एका देशातल्या उपासनेची घडी बदलावी, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

यावर म्हणतात, आता प्रत्येकाच्या हाती छापील पुस्तक आहे. पण पुस्तक हाती असणं वेगळं आणि हिब्रू वाचता येणं वेगळं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंकडे पिढ्यान्‌पिढ्या हिब्रूतली फक्त शेमा ही प्रार्थना उरली होती. बाकीचं ते पुढे, कोचीनहून आलेल्या शिक्षकांकडून, कानानं ऐकत शिकले. दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो: 'बेथ क्नेसेथ' म्हणजे एकत्र जमण्याचं घर, आणि विखुरलेल्या माणसांना आठवड्यातून एकदा भेटायला दुसरी जागा कुठे आहे? भेटावं, अगदी पोटभर बोलावं. प्रार्थनेनंतर किद्दूशचा, म्हणजे आशीर्वादाच्या द्राक्षरसाचा, प्याला हातात आला की बोलायला वेळच वेळ असतो. पण परदेशी गेलेल्यांमुळे रिकाम्या झालेल्या कोकणातल्या सिनेगॉगमध्ये सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष मुश्किलीनं जमतात. एक हजान, उरले नऊ. त्यातला एकजण शेजाऱ्याकडे वळला, की आमेन म्हणणारे आठच राहतात, आणि ऐकायला आलेल्याचं ऐकणंही जातं.

कारोंनी अशा बोलण्याला अक्षम्य पाप म्हटलं. १६४८ च्या युक्रेनमधल्या ज्यूंच्या कत्तलींनंतर रब्बी योम-तोव लिपमन हेलर यांनी वेगळी वाट धरली: प्रार्थनेत तोंड आवरणाऱ्यांसाठी एक आशीर्वाद रचला. संकट आणि आजारापासून त्यांचं रक्षण व्हावं, मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर वाढावीत, असं मागणं त्यात आहे. मला हीच वाट जवळची वाटते.